अकरा वर्षांनी सांगलीत: घर लावून झालं, पण लागत नाहीये (आणि शेजारच्या काकूंकडचं घंगाळ)

गावभागातली | २९ जून, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

२०१४ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे श्टुटगार्टला गेलो, तेव्हा लेक दोन वर्षांची होती. धाकटा तिकडेच झाला. या १ जूनला आम्ही चौघं कायमचे सांगलीत परत आलो. पुण्यात नाही, सांगलीत. (दोनदा लिहिलं, कारण महिनाभर प्रत्येकाने दोनदा विचारलंय.) सासऱ्यांना त्यांच्या स्वतःच्या घरात राहायचंय आणि नवऱ्याला घरून काम करता येतंय, एवढं साधं कारण आहे.

घर गावभागात, नदीपासून चालत सात-आठ मिनिटांवर. २०१७ला सासूबाई गेल्या, सासरे दिरांकडे पुण्याला गेले आणि घर बंद झालं. किल्ली समोरच्या काकूंकडे. २०१९च्या ऑगस्टमध्ये जो पूर आला, त्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या खालच्या खोल्यांत माझ्या खांद्याएवढं. भिंतीवर ती रेघ अजून आहे. आम्ही तेव्हा तिकडे बसून फोनवर व्हिडिओ बघत होतो, दुसरं काय करणार. काकूंनी आणि त्यांच्या मुलांनी पाणी चढायच्या आधी आमचं जमेल तेवढं सामान त्यांच्या वरच्या मजल्यावर नेलं. हे उपकार आहेत, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं लिहायला अवघड जातंय.

मागच्या आठवड्यात काकूंकडे पहिल्यांदा गेले. मागच्या अंगणात हात धुवायला गेले तर तिथे सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ. त्यात माती भरून अळू लावलेला. पानं बाजूला केली तर काठावर नाव कोरलेलं, सासूबाईंचं माहेरचं आडनाव, खाली १९७१. त्यांच्या रुखवतातलं. मी पानं परत जागेवर केली, हात धुतले आणि चहा पिऊन आले. आत पाणी दिलं तो तांब्याही आमचाच होता असा दाट संशय आहे.

घरी सगळं लावून झालंय. खोकी रिकामी, पडदे लागले, वायफाय आलं. पण घर लागत नाहीये. धाकटा चौथीत घातलाय, शाळेत एक अक्षर बोलत नाही. लेक दार लावून मैत्रिणींशी जर्मनमध्ये बोलत असते. मी दिवसभर आवरते आणि रात्री वाटतं, दुसऱ्याच्या घरी पाहुणी आहे.

तर प्रश्न दोन. परत आलेल्यांनो, तुम्हाला किती दिवस लागले? आणि घंगाळ मागावं का?

भडंगभोक्ता | २९ जून, रात्री ११:२०

भडंग आणलं का? मग लागलं घर. बाकी सगळे तपशील.

खडूस_पुणेरी | २९ जून, रात्री ११:४१

मागू नका. सहा वर्षं सांभाळल्याचं भाडं, पुराच्या गाळातून घासून काढल्याची मजुरी असा हिशोब लावलात तर उलट तुमच्याकडूनच येणं निघेल.

कोल्हापूरचा_रांगडा | ३० जून, सकाळी ७:०५

ताई, मागा की सरळ! "काकू, घंगाळ आमचं हाय न्हवं?" एवढंच. भांडं मागायलाय, किडनी न्हवं.

शुभांगी_ना | ३० जून, सकाळी ९:३३

रांगडे, इतकं सोपं नसतं हो. माझ्या बहिणीने शेजारणीकडून पुरणयंत्र परत मागितलं. शेजारणीने लगेच आणून दिलं, पुसून, पिशवीत घालून. मग चार वर्षं हळदीकुंकवाला बोलावलं नाही. पुरणयंत्र आता माळ्यावर आहे, पुरण बाहेरून आणतात.

नवा_गडी | ३० जून, सकाळी १०:०२

अडाणी प्रश्न: घंगाळ म्हणजे बंब का?

आजीचा_नातू | ३० जून, सकाळी १०:१५

नाही रे. बंबात पाणी तापतं, घंगाळात ते काढून घेतात आणि वर विसण घालतात. आता विसण म्हणजे काय ते विचारू नकोस. कढत पाण्यात गार पाणी घालून अंगाला सोसेल असं करायचं, ते विसण. गीझर आले आणि शब्द गेला.

आकडेमोड | ३० जून, दुपारी १:२०

घंगाळाचं बाकीचे बघतील. मी रुक्ष पण उपयोगाचं सांगतो, कारण परत आलेले लोक पडदे आधी लावतात आणि बँकेत सहा महिन्यांनी जातात.

१. तुमचं एनआरई खातं (अनिवासी भारतीयांचं इथलं खातं) असेल तर ते आता तसं ठेवता येत नाही. कायमचे परतलात की बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलायचं, नाहीतर आरएफसी (परतलेल्यांसाठीच्या परकी चलनाच्या) खात्यात वळवायचं. एफसीएनआर (परकी चलनातली अनिवासी) ठेव असेल तर ती मुदतीपर्यंत राहू शकते.

२. करासाठी तुम्ही लगेच साधे रहिवासी होत नाही. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ किंवा कमी असतील, तर मधला एक दर्जा मिळतो. त्याला आरएनओआर म्हणतात. त्या काळात जर्मनीतल्या ठेवींचं व्याज, तिकडचं भाडं असल्या उत्पन्नावर इथे साधारणपणे कर नाही. पण इथे बसून केलेल्या कामाचा पगार त्यात येत नाही. यजमान घरून काम करताहेत ना, तो पगार कुठल्याही देशातून आला तरी इथलाच धरला जाईल. तुमच्या तारखांवरून हा दर्जा दोन आर्थिक वर्षं मिळेल. तिसरं मिळेल की नाही ते सुट्टीत किती दिवस येऊन राहात होता त्यावर. पासपोर्टावरचे शिक्के आजच मोजून ठेवा.

३. जर्मनीत पाच वर्षांच्या वर पेन्शन भरलंय, तर ते बुडत नाही. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७पासून लागू आहे. कागद जपा. भिजू देऊ नका, तुमच्या गल्लीत विशेषतः.

खडूस_पुणेरी | ३० जून, दुपारी १:२९

शेवटचं वाक्य वाचून आकडेमोड माणूस आहे याची खात्री पटली.

बर्लिनचा_बाळ्या | ३० जून, सायंकाळी ६:४८

ताई, एक विचारू? परतीची वाट ठेवलीत का? कायम वास्तव्याचा परवाना सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की साधारणपणे जातो, ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) बारा महिने मिळतात. माझ्या ओळखीतले दोघं "कायमचे" गेले आणि दहाव्या महिन्यात पोरांच्या शाळेला कंटाळून परत आले. परवाना शाबूत होता म्हणून जमलं. हे भ्यायला सांगत नाही. कॅलेंडरवर एक तारीख लिहून ठेवा, इतकंच.

आणि वॉशिंग मशीन आणलंय का? इथलं मशीन तिथे चालतं, वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झच. पण पिन बदलून जाड १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा, आतला हीटर ताकद खातो. गच्चीवरच्या टाकीच्या दाबाने पाणी भरायला वेळ लागतो, मशीन रुसून बसतं.

गावभागातली | ३० जून, रात्री १०:५०

बाळ्या, मशीन रुसूनच बसलंय!! तीन दिवस मला वाटत होतं प्रवासात बिघडलं. आकडेमोड, खूप आभार. पगाराचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, तो शिक्के मोजायला बसलाय.

परतीच्या तारखेबद्दल... ती आमच्या फ्रीजवर चिकटवलेली आहेच. दूधवाल्याच्या हिशोबाखाली.

एक गंमत सांगते. तिकडे आमच्या भागात केअरवोखे म्हणून प्रकार असतो. इमारतीतल्या प्रत्येक घराची एक एक आठवडा पाळी, जिना आणि दारासमोरचा रस्ता झाडायचा. पाळी आली की दारावर पाटी लटकते. (त्या शब्दातला "केर" मला पहिल्या दिवसापासून मराठीच वाटत आलाय.) सवय इतकी की आल्यावर पहिल्या शनिवारी मी आमचं अंगण झाडून गल्ली झाडायला घेतली, समोरच्या दारापर्यंत. काकू बाहेर आल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या दारातला कचरा दिसला होय तुला?" तेव्हापासून जरा गारच आहे.

शुभांगी_ना | ३० जून, रात्री ११:०१

अगं बाई. हे आधी सांगायचं ना! घंगाळाच्या आधीच सामना सुरू झालाय.

कोयता_ते_कीबोर्ड | १ जुलै, पहाटे ५:४०

लिहू की नको असा विचार रात्रभर केला. तुमच्या परत येण्याची आणि आमच्या परत येण्याची बरोबरी नाही, पण लिहितो.

मी बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, ती फेडायला दसरा-दिवाळीच्या सुमाराला बाहेर पडायचं ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिल. नवराबायको मिळून एक कोयता. आमचा कोयता बहुतेक वर्षं तुमच्याच जिल्ह्यात असायचा. माझं अर्धं बालपण सांगलीत गेलंय ताई, फक्त पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. दोन वर्षं साखरशाळेतही (ऊसतोड्यांच्या पोरांची शाळा) बसलो. तुम्ही जिथे परत आलात ते आमचं परगाव.

परत गावी आलो की घरात उंदीर, वाळवी, भिंतीचा पोपडा. आजी म्हातारी, एकटी राहायची, तिच्याच्याने किती होणार. ट्रक रात्री-बेरात्री सोडायचा. आई सामान दारातच ठेवायची आणि घरात पाऊल टाकायच्या आधी शेजारच्या चुलतीकडे जायची. वाटीभर पीठ नाहीतर चहापत्ती मागायला. आमच्या पिशवीत पीठ असायचं, मला दिसायचं. मी एकदा म्हणालो, आई आपल्याकडं आहे की. तिने डोळे वटारले.

खूप मोठा झाल्यावर कळलं, ती पीठ आणायला जात नव्हती. आलो म्हणून सांगायला जायची, आणि रिकाम्या हाताने सांगवत नाही. वाटी परत करायला दुसऱ्या दिवशी परत जायची, तेव्हा चुलती सहा महिन्यांचं गावातलं सगळं सांगायची. कोण मेलं, कोणाचं जमलं, आमच्या बांधावरची बाभळ कोणी तोडली.

शाळेचं मात्र काही गोड नव्हतं. दर वर्षी आलो की माझी जागा गेलेली असायची. मास्तर म्हणायचे, बस कुठंतरी.

नवा_गडी | १ जुलै, सकाळी ८:१२

हे वाचून कामाला जायला उशीर झाला. हरकत नाही.

गावभागातली | १ जुलै, सकाळी ९:२७

दादा, काय लिहू. आम्ही १ जूनला आलो आणि काकूंकडे तीन आठवड्यांनी गेलो. किल्ली नवऱ्याने दारातच घेतली होती. "आधी घर नीट लावून घेऊ, मग जाऊ." आणि गेले तेव्हा काय घेऊन गेले तर चॉकलेटचा डबा. पाहुण्यासारखी.

चिपळूणचा_चाकरमानी | १ जुलै, दुपारी ३:५५

माझे वडील कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९०ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा आम्ही इकडे कोकणात होतो, ते तिकडे एकटे. बगदादमार्गे बसने अम्मानपर्यंत आले, तिथे तंबूत राहिले, मग एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या दोन महिन्यांत अम्मानहून सुमारे पावणेदोन लाख माणसं आणली, ४८८ उड्डाणं झाली म्हणतात. त्यातले एक आमचे अण्णा, एका रेक्झिनच्या पिशवीसकट. पिशवीत दोन शर्ट आणि कुवेतच्या खोलीची किल्ली.

चौदा वर्षं ते वर्षातून महिनाभर यायचे. आम्ही त्यांना ओळखत होतो ते टेपरेकॉर्डर आणि अत्तराच्या बाटल्यांवरून. एकदम कायमचे आले, तेही रिकाम्या हाताने, तर घरात त्यांची जागाच नव्हती. आईने सगळं स्वतः बसवलेलं. भात कधी लावायचा, कलमांची राखण कोणी करायची, धाकट्याला कोणी मारायचं. अण्णा काहीही सांगायला लागले की आई म्हणायची, "तुम्ही बसा." प्रेमानेच म्हणायची, पण ते बसूनच राहिले. वर्षभर. रात्री उठून घरातलं प्रत्येक भांडं पाण्याने भरून ठेवायचे, अगदी वाट्यासुद्धा. आई सकाळी निमूट झाडांना घालायची.

किती दिवस लागले विचारलंत. अण्णांना साधारण दीड वर्ष. पुढच्या पावसाळ्यानंतर आईला काविळीने दीड महिना झोपवलं. तेव्हा पहिल्यांदा त्यांना कोणी "बसा" म्हणालं नाही.

भडंगभोक्ता | १ जुलै, दुपारी ४:१०

मी सुरुवातीला भडंगाचा विनोद केला त्याची लाज वाटतेय.

कोल्हापूरचा_रांगडा | १ जुलै, दुपारी ४:१८

असूदे की. भडंग कुठं वाईट आहे.

बाकी ताई, पाऊस वाढायलाय. त्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणवाल्यांनी उंची ५१९वरून ५२४ मीटर केली की तुमच्या भिंतीवरची रेघ छतावर जाईल, ध्यानात ठेवा.

जलसंपदा_निवृत्त | १ जुलै, सायंकाळी ५:३०

२०१९च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुरासाठी अलमट्टीला मुख्य जबाबदार धरलेलं नाही. कोयनेचं पाणी, वारणेचं पाणी आणि मधल्या भागात कोसळलेला पाऊस एकाच वेळी आले. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तिथे तुंबलं की सांगलीत चढतं. शिवाय पूररेषेत आपणच...

कोल्हापूरचा_रांगडा | १ जुलै, सायंकाळी ५:३४

समिती सांगलीत राहायला हाय का?

संपादक | १ जुलै, सायंकाळी ६:००

अलमट्टीवर वेगळा धागा आहे, ३१८ प्रतिसाद झालेत, तिथे भांडा. इथे घंगाळ चालू द्या.

शाळामास्तरीण | २ जुलै, दुपारी २:४५

धाकट्याच्या न बोलण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. मी तेवीस वर्षं चौथी-पाचवीला शिकवते. बाहेरून आलेलं मूल पहिले दोन-तीन महिने गप्प असतं, ते ऐकत असतं. त्याला घाई करू नका आणि दारात उभं राहून बाईंना "आज बोलला का?" असं विचारू नका. त्याला ऐकू येतं.

देवनागरी लिहिता येत नसेल तर बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, ती घरी काढा. २०२०च्या कायद्यानंतर राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, म्हणजे पुढे कुठेही घातलात तरी लागणारच.

घरी मराठी बोलता ना? आकडे येतात का त्याला मराठीत?

गावभागातली | २ जुलै, रात्री १०:३०

बाई, आकडे हीच त्याची एक गोष्ट चांगली आहे! दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांबरोबर हाऊझी खेळायचा, आजोबा आकडे मराठीतच पुकारायचे. त्यात जर्मन आणि मराठीची चाल एकच, एकक आधी. त्रेसष्ट म्हणजे तीन-आणि-साठ, "द्राय उंट झेख्त्सिश". त्याला ते सरळच वाटतं. उलट इंग्रजीत तो अडखळतो.

अजून एक. तिकडे रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात. इथे आल्यापासून हा गल्लीतल्या बाटल्या गोळा करतोय. जिन्याखाली ६१ झाल्यात. रोज विचारतो, यंत्र कुठे आहे.

खडूस_पुणेरी | २ जुलै, रात्री १०:४१

यंत्र येईल की दारात. हातगाडी घेऊन, "ए भंगाऽऽर" ओरडत.

शाळामास्तरीण | ३ जुलै, सकाळी ७:१०

तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना त्रेसष्ट म्हणजे किती ते सांगता येणार नाही, पैजेवर सांगते. "सिक्स्टी थ्री" म्हणा मग कळतं. बाईंना एवढंच सुचवा की पाढ्यांच्या तासाला आकडे पुकारायचं काम याला द्या. बोलायला सांगू नका, पुकारायला सांगा.

परत_गेलेला | ५ जुलै, रात्री १:१५

सगळे गोड गोड लिहिताहेत म्हणून दुसरी बाजू. आम्ही २०१६ला परत आलो, २०१८ला पुन्हा गेलो. कागद, शाळा, धूळ यातलं काही कारण नव्हतं. आईवडिलांसाठी आलो होतो आणि आम्ही आल्यावर त्यांचं स्वतःचं आयुष्यच उरलं नाही. बाबांचा सकाळचा कट्टा सुटला, कारण नातवाला शाळेत सोडायचं असायचं. आईची भिशी सुटली. आम्ही निघालो तेव्हा आई विमानतळावर रडली, आणि दोन दिवसांनी फोनवर तिचा आवाज कितीतरी मोकळा होता. अपयश वगैरे वाटून घेत नाही. फ्रीजवरची तारीख काढू नका, एवढंच.

गावभागातली | ५ जुलै, सकाळी ८:२०

हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आज सासऱ्यांना विचारलं, तुमचं काय काय सुटलं. म्हणाले, "दुपारची झोप." मिक्सरमुळे.

आजीचा_नातू | १९ जुलै, दुपारी १२:०५

घंगाळाचं काय झालं?

नवा_गडी | २ ऑगस्ट, रात्री ९:४४

घंगाळ???

भडंगभोक्ता | २१ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ताई, पाणी वाढतंय म्हणून बातम्यांत बघतोय. ठीक आहात ना सगळे? उत्तर द्या.

गावभागातली | ७ सप्टेंबर, रात्री ११:३५

ठीक आहोत, आणि उशिराबद्दल माफी. सगळं क्रमाने सांगते.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी चढायला लागलं. मी अकरा वर्षं बाहेर होते, विसरून गेले होते की त्या दिवसांत सांगलीत माणसं एकमेकांना नमस्कार करत नाहीत, "किती फूट?" विचारतात. पुलापाशी ४० ही इशारा पातळी, ४५ धोक्याची, हे दूधवाल्यापासून सगळ्यांना पाठ. संध्याकाळी काकू आमच्या दारात आल्या. केअरवोखेनंतर पहिल्यांदाच. आत आल्या, चौफेर बघितलं आणि म्हणाल्या, "पडदे काय लावत बसलीस? गहू खाली ठेवलेत तू."

मग गल्लीच कामाला लागली. आधी ज्यांच्याकडे म्हातारी माणसं आहेत त्यांचं सामान, मग धान्य, मग गाद्या, फ्रीज शेवटी. हा क्रम कोणी ठरवत नाही, ठरलेला आहे. माझी लेक काकूंच्या नातीबरोबर आमच्या जिन्यावरून गॅसची शेगडी नेत होती, आणि "अगं वाकडी नको धरू" हे वाक्य ती मराठीत ओरडली. बहुतेक आल्यापासूनचं तिचं सगळ्यात मोठं वाक्य. धाकट्याने ६१ बाटल्या (तेव्हा १४० झाल्या होत्या) वर न्यायचा हट्ट धरला. काकूंचा मोठा मुलगा म्हणाला, राहूदेत, झाकणं घट्ट लाव, पाणी आलं तर तराफा करू. तेव्हापासून तो त्याचा देव आहे.

रात्री दोन वाजता काकूंच्या वरच्या मजल्यावर आम्ही अकरा माणसं चहा पीत बसलो होतो. काकू उठल्या, कपाटातून एक शंभर पानी वही काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. "तू विचारशील म्हणून वाट बघितली. तू काय विचारेनास."

वही मागच्या पानापासून लिहिलेली. वर तारीख, ऑगस्ट २०१९. खाली आमचं सगळं घर, काकूंच्या अक्षरात:

"हंडा तांब्याचा १ (पोचा आधीचाच).
पितळी डबे ५, एकाला झाकण नाही, होतं का माहीत नाही.
परात १.
तांब्या ३, पैकी १ आमच्या वापरात.
देव्हारा, देवांसकट. देव पुसून ठेवले.
शिवणमशीन राहिलं. उचललं नाही. वाईट वाटतं."

आणि शेवटच्या ओळीत: "घंगाळ १. पुरात वाहून जाऊन कोपऱ्यावरच्या खांबाला अडकलं. तळाला भोक. तांबटाकडे नेलं, होत नाही म्हणाला. मोडीत द्यावंसं वाटलं नाही."

आधी वरच्या मजल्यावर नेलेल्या सामानात ते नव्हतंच. पाणी ओसरल्यावर काकूंनी ते गाळातून शोधून आणलेलं. आणि मी पानं बाजूला करून नाव वाचून गुपचूप चहा पिऊन आले होते.

मी म्हणाले, काकू, मी बघितलं होतं अळू. त्या म्हणाल्या, "मला माहितीय. पानं उलटी केली होतीस."

पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं आणि उतरलं. दोन दिवसांनी सगळं सामान परत खाली. आमची भांडी आली. तांब्या मी त्यांच्याकडेच ठेवून आले.

शाळामास्तरीणबाई, आकडे पुकारायचं काम मिळालं. वर्गात त्याला आता जर्मनी म्हणत नाहीत, "त्रेसष्ट" म्हणतात. हे चांगलं की वाईट ते अजून ठरवलेलं नाही.

लेकीचं दार अजून लावलेलंच असतं. सगळं छान झालंय असं नाही.

कोयता_ते_कीबोर्ड | ८ सप्टेंबर, पहाटे ५:२०

"शिवणमशीन राहिलं. वाईट वाटतं." ही ओळ दोनदा वाचली.

खडूस_पुणेरी | ८ सप्टेंबर, सकाळी ९:००

भाड्याचं मी मागे घेतो.

कोल्हापूरचा_रांगडा | ८ सप्टेंबर, सकाळी ९:१२

पुण्याच्या माणसानं काहीतरी मागं घेतलं! तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

आकडेमोड | ८ सप्टेंबर, दुपारी १:०५

वाचून आनंद झाला. एनआरई खातं बदललंत का?

गावभागातली | ८ सप्टेंबर, दुपारी १:४०

...उद्या.

शुभांगी_ना | ८ सप्टेंबर, दुपारी २:१५

सगळं ठीक, पण त्या अळूच्या वड्या केल्या की नाही? आणि खाजतात का?

गावभागातली | ८ सप्टेंबर, रात्री १०:२०

काल केल्या. पहिल्या खेपेला जरा खाजल्या. काकू म्हणाल्या चिंच कमी पडली, आणि तू देठाकडच्या शिरा नीट काढल्या नाहीस. बारा पानं दिली होती, त्यातली नऊच वापरली हेही त्यांना कळलं. उरलेली तीन कुठे गेली ते उद्या सकाळी सांगायचंय. शनिवारपासून गल्ली झाडायच्या पाळ्या लावल्यात आम्ही, पहिली पाळी त्यांनी मलाच दिलीय.

बर्लिनचा_बाळ्या | ८ सप्टेंबर, रात्री १०:३१

दारावर लटकवायला पाटी पाठवू का? माझ्याकडे एक जास्तीची आहे.